वेदनेचे रंजन: ‘नॉस्टॅल्जिया’ या शब्दाच्या निमित्ताने

एम.ए.च्या पहिल्या वर्षाच्या वर्गात प्राध्यापकांनी फळ्यावर ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द लिहिला, त्यापुढे बरोबरीचे चिन्ह काढले आणि ‘स्मरणरंजन’ हा मराठी प्रतिशब्द लिहिला. समोर बसलेल्या एका विद्यार्थिनीने ते समीकरण वहीत जसेच्या तसे उतरवून घेतले. परीक्षेत ते उपयोगी पडले. पुढे पीएच.डी.साठी तिने ग्रामीण आत्मपर लेखन हा विषय घेतला, तेव्हाही ते हाताशी होतेच. एखाद्या लेखकाने गावच्या नदीचे, वाड्याचे, जत्रेचे वर्णन थोडे आत्मीयतेने केले की ही संज्ञा लावता येई आणि संज्ञा लावली की मूल्यमापन झाल्यासारखे वाटे. प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाच्या कच्च्या खर्ड्यात ‘स्मरणरंजन’ आणि ‘स्मरणरंजनपर’ हे शब्द मिळून सत्तावीस वेळा आले होते. बहुतेक ठिकाणी ते दोष दाखविण्यासाठी आले होते.

या प्रकरणात एका धरणग्रस्त शेतकऱ्याने पदरमोड करून छापलेल्या आठवणींच्या छोट्या पुस्तकाचा परामर्श होता. लेखक स्मरणरंजनाच्या मोहातून बाहेर पडू शकत नसल्यामुळे त्याच्या अनुभवाला सामाजिक परिमाण लाभत नाही, असा निष्कर्ष तिने नोंदविला होता. मार्गदर्शकांनी त्या वाक्यातील ‘स्मरणरंजन’ या शब्दाभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढले आणि समासात लिहिले: “हा शब्द मुळात कोणी कोणाविषयी वापरला, ते पाहा. मग हे वाक्य ठेवायचे की नाही, ते तुम्हीच ठरवा.”

शेरा वाचून तिला थोडा रागच आला. शब्दाचा अर्थ तिला ठाऊक होता. निदान अशी तिची समजूत होती. शिवाय तिचे स्वतःचे घराणेही उजनीच्या जलाशयात गाव गेलेल्या घराण्यांपैकी एक होते, आणि तरीही आपण या पुस्तकाविषयी तटस्थपणे लिहू शकलो याचा तिला मनातून अभिमान होता. घरची ही गोष्ट प्रबंधाच्या कक्षेबाहेरची आहे असे ती मानीत आली होती.

ग्रंथालयातील मोठ्या इंग्रजी कोशात तिने शब्द काढला. व्युत्पत्ती ग्रीक होती: ‘नॉस्टॉस’ म्हणजे घरी परतणे आणि ‘आल्गॉस’ म्हणजे वेदना. यातला दुसरा घटक तिला अनपेक्षितपणे परिचित निघाला. मज्जातंतूच्या दुखण्याला डॉक्टर ‘न्यूराल्जिया’ म्हणतात. त्यातला ‘आल्जिया’ तो हाच. म्हणजे ज्या शब्दाच्या उत्तरार्धात वेदना आहे, त्याच्या मराठी प्रतिशब्दाच्या उत्तरार्धात रंजन आहे. समीकरणाच्या दोन बाजू एकमेकींशी जुळत नव्हत्या आणि इतक्या वर्षांत ही गोष्ट तिच्या लक्षात आली नव्हती.

दुसरे आश्चर्य याहून मोठे होते. शब्दाचे रूप पाहून तो होमरच्या काळापासून चालत आला असावा, असे कोणालाही वाटेल. ‘ओडिसी’ हे तर परतीचेच महाकाव्य आहे आणि ‘नॉस्टॉस’ हा शब्द त्यात आहेही. परंतु ‘नॉस्टॅल्जिया’ हा जोडशब्द प्राचीन ग्रीक भाषेत नव्हता. तो १६८८ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपल्या लॅटिन प्रबंधासाठी घडविला. होफरचे वय त्या वेळी अवघे एकोणीस वर्षांचे होते. ज्या अवस्थेवर त्याला लिहावयाचे होते तिला लोकांच्या बोलीत ‘हाइमवे’, म्हणजे घराचे दुखणे, असे नाव पूर्वीपासून होते. पण वैद्यकाच्या ग्रंथात तिला रोग म्हणून स्थान मिळावयाचे तर बोलीतले नाव चालण्यासारखे नव्हते; म्हणून त्याने ग्रीक नाव बनविले. नावाचे आणखी काही पर्यायही त्याने सुचविले होते, परंतु टिकला तो हाच शब्द.

होफरने वर्णिलेल्या रुग्णांपैकी दोघे विशेष लक्षात राहणारे आहेत. एक बर्नहून बाझेलला शिकावयास आलेला तरुण. तो खंगत गेला, तापाने अंथरुणाला खिळला, जगण्याची आशा उरली नाही. अखेर त्याला घरी पाठवावयाचे ठरले. नुसती निघण्याची तयारी पाहूनच त्याला हुशारी वाटू लागली आणि बर्नला पोहोचण्यापूर्वीच तो बरा झाला. दुसरी एक खेड्यातली मुलगी. ती पडून जखमी झाल्यामुळे तिला रुग्णालयात ठेवले होते. अन्न आणि औषध दोन्ही ती नाकारी आणि काहीही विचारले तरी घरी जायचे आहे, एवढेच म्हणे. तिलाही घरी नेल्यावर थोड्याच दिवसांत आराम पडला.

या दुसऱ्या नोंदीपाशी विद्यार्थिनी बराच वेळ थांबली. त्या मुलीने आपल्या दुखण्याला कोणतेच नाव दिले नव्हते. तिने एक मागणी केली होती. नाव दिले ते वैद्याने, आणि तेही तिला न कळणाऱ्या भाषेत. हे नाव उपकारक ठरले, हे नाकारता येत नाही; कारण त्यामुळे तिचे म्हणणे हट्ट न ठरता आजार ठरले आणि तिला घरी जाता आले. तथापि बोलणारी एक आणि नाव देणारा दुसरा, ही विभागणी शब्दाच्या जन्मापासूनच त्यात आहे. आरंभीच्या काळात हा शब्द वैद्य रुग्णाविषयी उच्चारीत. रुग्ण स्वतःविषयी नव्हे. मार्गदर्शकांच्या शेऱ्याचा अर्थ तिला येथे प्रथम उमगू लागला.

शब्दाचा पुढचा प्रवास तिने टिपणवहीत क्रमाने नोंदविला. स्विस तरुण परक्या राजांच्या सैन्यांत भाडोत्री शिपाई म्हणून जात, आणि या रोगाची चर्चा मुख्यतः त्यांच्या संदर्भात होत राहिली. अठराव्या शतकाच्या आरंभी शॉइक्झर या स्विस निसर्गशास्त्रज्ञाने त्याचे कारण हवेच्या दाबात शोधले: डोंगरावरच्या विरळ हवेत वाढलेली शरीरे सपाटीवरच्या जड हवेखाली दबून जातात, असे त्याचे म्हणणे. आपला देशबांधव मनाने दुबळा ठरू नये, ही इच्छाही या उपपत्तीमागे असावी. पुढे रूसोने १७६८ सालच्या आपल्या संगीतकोशात स्विस गुराख्यांच्या एका धुनेचा उल्लेख केला. ती धून ऐकून शिपाई रडत, सैन्य सोडून पळत किंवा झुरून मरत. म्हणून ती वाजविण्यास देहदंडाच्या धाकाने बंदी होती, असे तो सांगतो. साहित्याच्या अभ्यासकाला महत्त्वाचे वाटावे ते त्याचे भाष्य. हा परिणाम त्या सुरावटीच्या अंगचा नाही, परक्यावर तो होत नाही. ती धून येथे संगीत म्हणून काम करीत नाही, स्मृतीचे चिन्ह म्हणून काम करते, असे रूसो म्हणतो. चिन्हाचा अर्थ चिन्हात नसून ते ओळखणाऱ्याच्या गतायुष्यात आहे, हा विचार अशा रीतीने या रोगाच्या चर्चेतून पुढे आला.

इंग्रजीतला या शब्दाचा एक जुना वापर १७७० सालचा आहे. कॅप्टन कुकच्या जहाजावरील वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स याने रोजनिशीत खलाशांना लागलेल्या घराच्या ओढीची नोंद केली आणि वैद्य तिला याच नावाचा रोग समजतात, असेही लिहिले. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात, उत्तरेकडील सैन्याच्या वैद्यकीय नोंदींत या रोगाचे पाच हजारांहून अधिक रुग्ण दाखविलेले आहेत, आणि त्यांतले काही मृत्यू पावल्याचीही नोंद आहे. ज्या शब्दाला ती लेखनातल्या भाबडेपणाचे लक्षण समजत होती, तो एके काळी मृत्यूचे कारण म्हणून सरकारी दप्तरात लिहिला जात होता.

मग वेदना गेली कोठे? या प्रश्नाच्या उत्तराची एक दिशा तिला कान्टकडे मिळाली. १७९८ साली प्रसिद्ध झालेल्या मानवशास्त्रविषयक व्याख्यानांत कान्टने स्विस माणसांच्या या दुखण्याचा विचार केला आहे. ही माणसे घरी परततात तेव्हा त्यांचा विरस होतो आणि त्या विरसानेच ती बरी होतात, असे त्याचे निरीक्षण. त्यांना हवे होते ते ठिकाण नव्हे, तेथे घालविलेले तारुण्य. आणि ते परत मिळणारे नसते. या एका निरीक्षणाने दुखण्याचे अधिष्ठान स्थळावरून काळावर सरकले. स्थळाकडे परतता येते, म्हणून परतणे हा त्यावरचा उपाय होता. काळाकडे परतता येत नाही, म्हणून उपायाचा प्रश्नच उरला नाही. जे दुखणे बरे व्हावयाचेच नाही, ते हळूहळू गोड मानून घेतले जाते. विसाव्या शतकात वैद्यकाने हा शब्द सोडून दिला, तेव्हा तो बाजाराला, चित्रपटाला आणि समीक्षेला मोकळा झाला. फ्रेड डेव्हिस यांनी १९७९ साली त्याचा समाजशास्त्रीय विचार केला. फ्रेडरिक जेमसन यांनी १९८४ सालच्या उत्तर-आधुनिकतेवरील निबंधात गतकाळाला शैलीदार चित्रांत बसविणाऱ्या चित्रपटांची त्याच नावाने चिकित्सा केली. इंग्रजी वापरातही या प्रवासाची खूण आहे. पूर्वी या शब्दापुढे घर किंवा देश येई. आता एखादे दशक येते.

तेव्हा ‘स्मरणरंजन’ हा प्रतिशब्द चुकीचा आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तो शब्दाच्या उत्तरायुष्याचा अनुवाद आहे आणि त्या मर्यादेत तो नेमका आहे. संस्कृतात ‘रञ्ज्’ या धातूचा अर्थ रंगणे असाही आहे. त्या अर्थाने स्मरणाने गतकाळाला रंग चढतो, हे सूचनही त्यातून काढता येते. ‘गतकातरता’ हा दुसरा रूढ प्रतिशब्द वेदनेच्या अधिक जवळ जातो, कारण कातर होण्यात व्याकुळता आहे. परंतु त्यातला ‘गत’ फक्त काळ सांगतो. घर त्यातूनही निसटलेच. दोन्ही शब्द कान्टनंतरचे आहेत, असे तिने वहीत लिहिले. होफरच्या त्या मुलीला यांतला कोणताही लावता येत नाही.

त्या मुलीचे म्हणणे मराठीत कसे सांगता येईल, याचा विचार करताना तिला जो शब्द सुचला तो कोणत्याही परिभाषाकोशातला नव्हता. वसतिगृहात नव्याने राहावयास आलेली मुलगी फोनवर आईला सांगते, नव्या नोकरीवर रुजू झालेला मुलगा सांगतो, लग्न होऊन आलेली मुलगी कोणालाच सांगत नाही, तो शब्द: करमत नाही. आणि तिची आजी, गाव पाण्याखाली गेल्यावर मुलाबरोबर पुण्याच्या उपनगरातल्या तिसऱ्या मजल्यावर राहावयास आलेली, गेली कित्येक वर्षे दिवसातून एकदा तरी म्हणते: “मला हितं करमंना बग.” घरात या वाक्याकडे कोणी लक्ष देत नसे. दूरदर्शन संच लावून दिला जाई.

या क्रियापदाची रचना तिने आता प्रथमच अभ्यासकाच्या नजरेने पाहिली. ‘मला करमत नाही’ यात मी कर्ता नाही. माझ्या बाबतीत काही घडावयास हवे ते घडत नाही, एवढेच वाक्य सांगते. दुसरे असे की, ‘नॉस्टॅल्जिया’ जे दूर आहे त्याकडे बोट दाखवितो, तर ‘इथे करमत नाही’ हे विधान इथल्याविषयीचे आहे. त्यात गेलेल्या गावाचे वर्णन नाही. आज जेथे ठेवले आहे त्या जागेविषयीची तक्रार आहे. तिसरी गोष्ट सर्वांत बोचणारी होती. ‘करमणूक’ हा शब्द याच कुळातला. रंजनाला मराठीत दुसरा शब्द शोधावयाचा तर तो करमणूक हाच. म्हणजे जिला करमत नाही तिच्या बोलण्याला आपण समीक्षेच्या भाषेत तिची करमणूक म्हणत आहोत. घरी लावून दिलेला संच आणि प्रबंधात लावलेली संज्ञा यांत फारसे अंतर नव्हते.

येथे एक आक्षेप तिने स्वतःच उपस्थित केला. मराठीत घराच्या ओढीचा सर्वांत समृद्ध शब्द ‘माहेर’ हा आहे. ‘मातृगृह’ या संस्कृत शब्दापासून तो आला. जात्यावरच्या ओव्यांनी त्याला भावनेचे भांडार दिले आणि संतांनी पंढरपूरला माहेर म्हणून त्याला पारमार्थिक अर्थही दिला. मग आजीची ओढ ही या परंपरागत भावनेचेच एक रूप नव्हे काय? पण आजीचे माहेर शाबूत होते. तिचे माहेरचे गाव पाण्यापासून दूर, आजही नांदते होते आणि तेथे जाऊन राहण्याची इच्छा तिने कधी दाखविली नव्हती. तिला करमत नव्हते ते सासरच्या गावावाचून: जेथे तिने खुरपणी केली, विहिरीवरून पाणी वाहिले, चार मुले वाढविली, त्या गावावाचून. बालपणाच्या रम्यतेशी या ओढीचा संबंध जोडता येत नव्हता. तिचा संबंध कष्टाशी होता.

कान्टच्या निरीक्षणाची कसोटी पाहण्याचा योग या घराला एकदा आला होता आणि तो प्रसंग विद्यार्थिनीने स्वतः पाहिला होता. उजनीचा जलाशय उन्हाळ्यात फार आटला की बुडालेल्या वस्तूंपैकी काही वर येतात. इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे पळसनाथाचे प्राचीन मंदिर अशा वेळी उघडे पडते आणि ते पाहावयास लोक दुरून येतात. अशाच एका उन्हाळ्यात घरच्यांनी आजीला गाडीत घालून नेले होते. मंदिर पाहून झाल्यावर गाडी काठाकाठाने त्यांच्या स्वतःच्या गावाच्या अंगाला गेली. तेथे मंदिर नव्हते; भेगाळलेला गाळ, जोत्यांचे काही दगड आणि पलीकडे हिरवा पट्टा एवढेच होते. मुलांनी आजीची छायाचित्रे घेतली. आजी रडेल, अशी सर्वांची अपेक्षा होती. ती रडली नाही, आणि तिचा विरसही झाला नाही. तिने त्या हिरव्या पट्ट्याकडे हात करून विचारले, “ही गाळपेर कुणाची?” कोणालाच ठाऊक नव्हते. मग तिने दगडांच्या अंदाजाने पावले मोजल्यासारखे करीत सांगितले, की बांध इथून जात होता, आणि इथून तिथवरचे रान आपले. परतताना गाडीत ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा करमंना.

त्या प्रसंगाचा अर्थ तिला तेव्हा लागला नव्हता. आता असे दिसू लागले, की होफर आणि कान्ट या दोघांच्याही आकृतिबंधांत तो बसत नाही. होफरचा रुग्ण परतू शकतो. कान्टचा परततो आणि निराश होऊन सुटतो. येथे परतावयाचे ठिकाण पाण्याखाली आहे आणि ते काळाने बुडविलेले नाही. आजी गतकाळात रमली नव्हती. ती हद्द दाखवीत होती. स्वेतलाना बॉइम यांनी २००१ सालच्या आपल्या ग्रंथात नॉस्टॅल्जियाचे दोन प्रकार कल्पिले आहेत. एक हरवलेले घर पुन्हा उभारू पाहणारा, दुसरा हरवण्याच्या जाणिवेवरच रेंगाळणारा. पहिल्यातून आक्रमक राष्ट्रवादाची भाषा निघू शकते, असा इशारा त्यांनी दिला आहे, आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. तथापि ज्याला आपल्या रानाचा बांध कोठून जात होता एवढेच सांगावयाचे आहे, त्याला या दोहोंपैकी कोठे बसवावे? लेनिनग्राडहून अमेरिकेत गेलेल्या लेखिकेने स्थलांतरिताच्या अनुभवातून केलेले हे वर्गीकरण येथे उपयोगी पडते, पण पुरे पडत नाही.

तिने त्या शेतकऱ्याचे पुस्तक पुन्हा काढले. पहिल्या वाचनात कंटाळवाणी वाटून तिने ओलांडलेली पाने या वेळी सलग वाचली. त्यांत शेतांची नावे होती, कोणत्या विहिरीला किती परस पाणी होते ते होते, कोणाच्या बांधावर कोणते झाड होते आणि कोणते घर कोणत्या घराला भिंत लावून होते ते होते. सुगीचे आणि जत्रेचे जे वर्णन तिला स्मरणरंजनपर वाटले होते, तेही कोणत्या आळीचा कोणता मान होता हे सांगण्यासाठी आले होते. पुस्तक म्हणजे एका गावाचा पाहणी-अहवाल होता. तो लिहिणाऱ्याखेरीज कोणी तयार केलेला नव्हता. सामाजिक परिमाण नाही, असा शेरा ज्या पुस्तकावर मारला, त्यात समाजाखेरीज दुसरे काही नव्हतेच. दोष वाचनाचा होता, आणि संज्ञेमुळे तो झाकला गेला होता.

प्रकरण पुन्हा लिहिताना सत्तावीसपैकी आठ ठिकाणी तिने ‘स्मरणरंजन’ कायम ठेवले. शहरात स्थिरावलेल्या लेखकाने दिवाळी अंकासाठी लिहिलेल्या, गावच्या चवींच्या आणि सुट्ट्यांच्या लेखांना तो शब्द योग्यच होता. तेथे स्मरण आहे आणि त्याचे रंजनही आहे. उरलेल्या एकोणीस ठिकाणी तिने दुसरी संज्ञा योजली नाही. लेखक काय आठवतो आहे, ते कशाने गेले, आणि तो ते कोणाला सांगतो आहे, हे प्रत्येक ठिकाणी स्वतंत्रपणे लिहिले. प्रकरण अकरा पानांनी वाढले.

खर्डा परत आला तेव्हा समासात एकच शेरा होता: “मग ‘नॉस्टॅल्जिया’ला मराठी प्रतिशब्द कोणता?” तिने त्याखाली पेन्सिलीने लिहिले: “बोलणारा कोण आहे त्यावर, सर.” त्या रात्री घरी गेल्यावर तिने संच बंद केला आणि आजीला बांध कोठून जात होता ते पुन्हा विचारले. आजीने कागद मागितला. लिहिता येत नसल्यामुळे तिने त्यावर रेघा ओढल्या, आणि नात एकेका रेघेवर नावे लिहीत गेली.